त्या रात्री बुडबुड्यांचा आवाज ऐकवणाऱ्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

मुलगी आता चार महिन्यांची झाली आहे. काल लसीकरणाच्या वेळी तिचे वजन साडेचार किलो भरले, आणि तुम्हाला पत्र लिहायचे अजून राहिलेच आहे याची मला मनापासून लाज वाटली.

एकतिसाव्या आठवड्यात कळा सुरू झाल्या म्हणून ज्या खासगी रुग्णालयात मी गेले, तिथे मला दीड दिवस नुसते झोपवून ठेवले. प्रसूती वेळेआधी होणार असे दिसले की बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. त्यांचा उपयोग न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी १९७२ सालीच दाखवून दिला होता आणि ती महागही नाहीत. मला ती कोणी दिली नाहीत. सिझेरियननंतर बाळ प्रत्येक श्वासाला कण्हत होते, बरगड्या आत ओढल्या जात होत्या, आणि मी विचारले तर "कुरकुरतंय, काही नाही" असे उत्तर मिळाले. दोन तासांनी मात्र "आमच्याकडे व्हेंटिलेटर नाही, जिल्ह्याला न्या" म्हणून त्यांनी हात वर केले. १०८ची गाडी बाळाला आणि माझ्या यजमानांना घेऊन गेली, मी टाक्यांसह तिथेच पडून राहिले.

त्या रात्री साडेबाराच्या सुमारास यजमानांच्या फोनवरून तुम्ही बोललात. "ताई, बाळाच्या नाकाला नळी लावली आहे. आता काही बोलू नका, फक्त ऐका," असे म्हणून तुम्ही फोन त्या पाण्याच्या बाटलीजवळ धरलात. बुड्‌बुड्‌बुड्‌ असा अखंड आवाज येत होता. "हा चालू आहे तोवर तिला दाब मिळतो आहे. थांबला तर मी लगेच बघते, मी इथेच आहे." मिनिटभराचाच तो फोन असेल. वॉर्डात इतकी बाळे असताना, साठ किलोमीटरवर पडलेल्या एका अनोळखी बाईला झोप लागणार नाही हे तुम्हाला कसे सुचले, याचे मला आजही नवल वाटते.

पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. कमी दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसांत हवेच्या इवल्या पिशव्या उघड्या ठेवणारा स्निग्ध थर पुरेसा नसतो, त्यामुळे श्वास सोडला की त्या मिटतात. हे कारण अमेरिकेच्या डॉक्टर मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ मध्ये पुढे आणले. तरीही १९६३ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा, केनेडींचा, मुलगा याच आजाराने जेमतेम दीड दिवसात गेला, कारण तेव्हा त्यावर परिणामकारक उपायच नव्हता. बाळ कण्हते तेव्हा ते कंठ मिटून हवा आत धरून ठेवण्याची धडपड करत असते, हे ओळखून सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टर जॉर्ज ग्रेगरी यांनी तोच दाब बाहेरून द्यायचे ठरवले. १९७१ मध्ये त्यांनी नोंदवलेल्या वीस अत्यवस्थ बाळांपैकी सोळा वाचली. हे वाचताना ते "कुरकुरतंय" आठवले आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले.

तुमच्या कक्षातले यंत्र किती साधे होते! नळीचे टोक पाण्याखाली पाच सेंटिमीटर बुडवले की तेवढाच दाब बाळाला मिळतो. पण ते चालते कोणाच्या तरी लक्षावर, हे मी तिसऱ्या दिवशी तिथे आल्यावर पाहिले. बाळाचे तोंड उघडे राहिले किंवा नळी जराशी सरकली की बुडबुडे थांबत, आणि पाठमोऱ्या असलात तरी तुम्ही वळत होतात. नाकाचा मधला पडदा दाबाने दुखावू नये म्हणून दर थोड्या वेळाने नळी अलगद उचलून, बॅटरीच्या उजेडात तुम्ही तो तपासत होतात, आणि हे करताना साडेतेराशे ग्रॅमच्या त्या जिवाला "झालं हं, झालं" असे सांगतही होतात. तिथे कोणी साहेब पाहत नव्हते. असे नीट वागणारी माणसे सरकारी दवाखान्यांत रात्रपाळीला जागी असतात, हे आमच्या गावात मी भेटेल त्याला सांगते.

तिचे बारसे तेव्हा राहिले, ते येत्या रविवारी करतो आहोत. तुम्ही अवश्य यावे. ड्यूटी असेल तर सोमवारी तिला घेऊन मीच कक्षाच्या दाराशी येईन. तुम्ही मास्क काढू नका, आवाजावरून ओळखेन.

तुमची कृतज्ञ,
खिडकीजवळच्या वॉर्मरवरच्या बाळाची आई