पुतळीच्या गावी तीन रात्री

सातारा,
नारळी पौर्णिमा

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तू व्हेनिसच्या हॉटेलची लिंक पाठवलीस आणि मी फोनवर "बघते" एवढंच म्हटलं. आईला पसंत नाही हे तुला तेव्हाच कळलं असणार. पुढे बोलले असते तर तू "आई, तू काळजी करू नकोस, मी करते सगळं" म्हणून विषय संपवला असतास, म्हणून हे पत्र. बाबा फोटो काढून पाठवतील. सावकाश वाच, निखिलरावांनाही वाचून दाखव.

आधी तुझ्या बाजूचं बोलते. मेस्त्रेचं हॉटेल वाईट नाही. स्टेशनाजवळ आहे, लिफ्ट आहे, नाश्ता धरलेला आहे आणि भाडं निम्मं. तिथून व्हेनिसला आगगाडी दहा मिनिटांत जाते हेही खरं. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या बाईला हिशेब कळतो गं. पण मेस्त्रे म्हणजे पुलाच्या अलीकडचं गाव. २०१६ साली टूरबरोबर गेलो होतो तेव्हा आम्हाला त्याहून लांब, हमरस्त्याच्या कडेला उतरवलं होतं. सकाळी बस, मग बोट, मग छत्रीवाल्या बाईच्या मागे पळापळ, आणि चार तासांत "चला, चला, बस निघतेय". बाबा तर व्हेनिसला गेलो होतो असं म्हणतच नाहीत, "वरून गेलो" म्हणतात. म्हणून या वेळी तीनच रात्री, पण त्या बेटावरच. दिवसाची गर्दी संध्याकाळच्या गाड्यांनी परत जाते, आणि मग जे गाव उरतं ते मला बघायचंय.

आता खरं कारण सांगते. इतके दिवस सांगितलं नाही, कारण तू हसली असतीस.

आपल्या देवघरातल्या डबीत दोन पुतळ्या आहेत, तुला माहीत आहेत. तुझ्या पणजीची एकवीस पुतळ्यांची माळ होती. बाहत्तरच्या दुष्काळात ती मोडली, कडब्याला आणि विहिरीच्या खोदाईला गेली. या दोन तेवढ्या राहिल्या. मी सोनेतारणाच्या टेबलावर होते तेव्हा शाखेत येणाऱ्या सराफांना एकदा सहज दाखवल्या. त्यांनी कसोटीवर घासल्या, भिंग लावलं आणि म्हणाले, "ताई, यातली एक आपल्याकडची आहे, दुसरी परमुलखातली." तेव्हा मी ते कानाआड केलं. निवृत्त झाल्यावर खोदून काढलं.

तर ऐक. पुतळी हे नाण्याचंच नाव. व्हेनिसचं सोन्याचं नाणं, डुकाट, १२८४ सालापासून पाडत होते. साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोनं, आणि पाच शतकं त्याचा कस आणि छाप त्यांनी बदलला नाही. म्हणूनच त्याच्यावर सगळ्या बंदरांचा विश्वास. मिरी, मसाले, कापड घ्यायला ते अलेक्झांड्रियापर्यंत यायचं, तिथून तांबड्या समुद्रातून अरबांच्या जहाजांवर आपल्या किनाऱ्याला लागायचं. वर माणसांच्या आकृत्या, म्हणून आपल्या लोकांनी नाव ठेवलं पुतळी, आणि बायकांनी कडी लावून गळ्यात घातली. पुढे सराफ इथेच तसल्या घडवायला लागले.

आपल्या त्या परक्या पुतळीवर एका बाजूला उभा माणूस आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला दुसरा, मधे काठी. आजेसासूबाई म्हणायच्या राम आणि मारुती. मुक्ता, तो संत मार्क आहे, आणि त्याच्याकडून निशाण घेणारा तो व्हेनिसचा डोजे, म्हणजे तिथला राज्यप्रमुख. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या महिरपीत येशू. आणि आपण पिढ्यानपिढ्या लक्ष्मीपूजनाला त्यांना हळदकुंकू वाहतोय! (या वर्षीही वाहणार. इतक्या वर्षांचे पाहुणे, आता काय हाकलायचे?)

कडेच्या अक्षरांत नाव लागतं ते लुदोविको मानिन. हा शेवटचा डोजे, १७८९ ते १७९७. नेपोलियन दाराशी आल्यावर यानेच राज्य सोडून दिलं. म्हणजे पुतळी पाडली तेव्हा पुण्यात सवाई माधवराव तरी असतील, नाहीतर दुसरा बाजीराव नुकताच आलेला. आपल्याकडे घडवलेल्या पुतळीवर मात्र अक्षरांची नुसती रांगोळी आहे. ज्याने घडवली त्याला वाचता येत नव्हतं, पण बघून काढण्यात कसूर केलेली नाही. मला तीच जास्त आवडते.

ही नाणी जिथे पाडली ती टाकसाळ, झेक्का, सान मार्कोच्या चौकाला लागून पाण्याच्या काठावर अजून उभी आहे. सोळाव्या शतकात सान्सोविनो नावाच्या वास्तुकाराने बांधलेली. झेक्का हा शब्द अरबी सिक्क्यावरून आला, आपल्या सिक्क्याचाच सख्खा भाऊ. नाण्याला म्हणूनच पुढे झेक्किनो म्हणायचे. आज तिथे मार्चाना ग्रंथालय आहे, टाकसाळीचं अंगण काचेने झाकून वाचनाची खोली केली आहे. आणि त्याच ग्रंथालयात निकोलाओ मनुचीची हस्तलिखितं आहेत. हा व्हेनिसचा पोरगा चौदाव्या वर्षाच्या सुमारास घरातून पळाला, मोगलांच्या चाकरीत शिरला, आणि १६६५ साली मिर्झाराजांच्या छावणीत शिवाजी महाराजांशी आपलं बोलणं झालं असं लिहून गेला. म्हातारपणी मद्रासकडे राहून सगळं लिहिलं आणि कागद धाडले आपल्या गावाला. बाबांना हे सांगितल्यापासून पुतळीपेक्षा त्यांचीच घाई जास्त आहे. हस्तलिखितं आपल्याला कुणी दाखवणार नाही, ते राहू दे. पण त्या इमारतीसमोर संध्याकाळी बाबांना घेऊन उभी राहीन, आणि तेव्हा परतीची गाडी गाठायची नसावी, एवढंच माझं मागणं.

आता कामाचं.

बाबांचा उजवा गुडघा बदललाय हे विसरू नकोस. व्हेनिसमध्ये चारशेहून जास्त पूल आहेत आणि बहुतेक प्रत्येकाला पायऱ्या. हॉटेल चौकापासून किती मिनिटांवर हे त्या साइटवर लिहिलेलं असतं, पण मधे किती पूल ते कुणी लिहीत नाही. मी महिनाभर नकाशा उकरतेय आणि माझं बोट एकाच जागी थांबलंय. तुम्ही आम्हाला म्युनिकहून ब्रेनर खिंडीतून येणाऱ्या गाडीने आणणार, म्हणजे उतरणार सांता लुचिया स्टेशनवर. स्टेशनाबाहेर आलं की समोरच मोठा कालवा आणि वापोरेत्तोचा, म्हणजे तिथल्या जलबसचा धक्का. एक नंबरची बस पकडायची, चौथा थांबा का' दोरो. तिथून एक बोळ थेट स्त्रादा नोवाला लागते, वाटेत पूल एकही नाही. स्त्रादा नोवा म्हणजे रुंद, सपाट, बाजाराचा रस्ता. कान्नारेजो मोहल्ला. तिकीट साडेनऊ युरो माणशी, ऐकून पोटात गोळा येतो, पण टॅक्सीबोटीचा आकडा मी बाबांना सांगितलेलाच नाही.

पूल नसलेली आणखी एक जागा स्टेशनाशेजारीच आहे, लिस्ता दि स्पान्या. हॉटेलं तिथे भरपूर. पण फोटोंत मुखवटे, मॅग्नेट आणि पिझ्झ्याचे तुकडेच दिसतात. महाबळेश्वरच्या बाजारपेठेत मुक्काम केल्यासारखं होईल. अगदीच कुठे जमलं नाही तर तिथे.

लहान हॉटेल म्हणजे वीस-पंचवीस खोल्यांच्या आतलं, शक्यतो एखाद्या कुटुंबाने चालवलेलं. फ्लॅट नको. तुमच्या पिढीला चावीची पेटी आणि कोड बरा वाटतो, पण रात्री दोन वाजता बाबांना काही झालं तर मी त्या पेटीशी बोलू का? शिवाय त्या गावात १९५१ साली पावणेदोन लाख माणसं राहायची, आता पन्नास हजारही उरली नाहीत. रिआल्तोजवळ एका औषधाच्या दुकानाने काचेत आकडाच लावलाय, किती उरले त्याचा. घरं पाहुण्यांना देऊन देऊन गाव रिकामं होत चाललंय. हे वाचल्यावर मला कुणाच्या तरी स्वयंपाकघरात चहा करायचं मन होईना. जो पोरगा काउंटरवर बसतो त्याचं घर तिथेच कुठेतरी आहे, अशी जागा बघ.

त्यांना मेल करशील तेव्हा एवढं विचार. लिफ्ट आहे, असं नुसतं उत्तर घेऊ नकोस. जुन्या घरांत जिना आधी आणि लिफ्ट नंतर असं असतं. रस्त्याच्या दारापासून खोलीच्या दारापर्यंत पायऱ्या किती, असं आकड्यात विचार. त्यांचा पहिला मजला म्हणजे आपल्यासारखाच, तळमजल्याच्या वरचा, पण मधे पोटमाळ्यासारखा एखादा मजला असला तर मोजत नाहीत. तळमजल्याची खोली स्वस्त मिळाली तरी नको. ओल असते, त्या लोकांनी खाली माल ठेवला आणि वर संसार केला ते उगाच नाही. न्हाणीघरात टब असला तर काठ किती उंच, हेही विचार. कालव्यावरची खिडकी नसली तरी चालेल. अंगणाकडची असली तर बाबांना झोप तरी लागेल.

भाडं आगाऊ भरायचं आणि परत नाही, असलं बुकिंग करू नकोस. दहा-वीस युरो जास्त जाऊ देत. व्हिसाच्या कागदांत राहण्याची सोय दाखवावी लागते आणि व्हिसा कधी हातात येईल सांगता येत नाही. तिथे माणशी दर रात्री थोडा कर वेगळा घेतात, पहिल्या पाच रात्रींपुरता. तो बिलात नसतो, म्हणून सुटे जवळ ठेव. बिल आमचं. निखिलरावांनी पाकीट काढलं तर बाबा तिथेच बसून राहतील, मग पायऱ्या चढवून दाखवा.

तारखेचं म्हणशील, तर भाऊबीज झाल्यावरच निघू. दिवाळीत घर बंद ठेवायचं नाही. नोव्हेंबरात थंडी, धुकं, आणि समुद्राचं पाणी गावात शिरायचे दिवस, हे तू सांगशीलच. वाचलंय मी. १२ नोव्हेंबर २०१९ ला १८७ सेंटीमीटर चढलं होतं. पण २०२० पासून ते खाडीच्या तिन्ही तोंडांवरची दारं उचलतात, ११० सेंटीमीटरच्या वर मोठी भरती येणार असा अंदाज झाला की. सान मार्कोचा चौक सखल, तिथे थोडं पाणी येईलही. आम्ही साताऱ्याची माणसं, आमच्याकडे पावसाला सुट्टी नसते. आणि त्या दिवसांत भाडी उतरतात.

जमलं तर २१ नोव्हेंबर त्या तीन दिवसांत बसव. १६३० च्या प्लेगमधून वाचलो म्हणून नवस फेडायचा दिवस. सालुतेच्या देवळात जायला मोठ्या कालव्यावर तात्पुरता पूल घालतात आणि गावातली माणसं मेणबत्त्या घेऊन जातात. जत्राच म्हण. खोल्या त्या दिवशी महाग असल्या तर एक दिवस आधी जाऊ, पण विचारून तर बघ.

खाण्याचं मी बघते. मेतकूट आणि लहान इलेक्ट्रिक किटली बॅगेत असेल, कारण तिथल्या खोलीत किटली नसतेच म्हणतात. बाबांना एकच ओढ आहे, "सार्दे इन साओर". तारलीच की ती! तळून, कांदा-व्हिनेगर-बेदाण्यात मुरवलेली, खलाश्यांना टिकावी म्हणून. तुझे आजोबा मालवणहून तारल्या आणायचे तेव्हा नाक मुरडणारा हाच माणूस.

पुतळ्या मी आणणार नाही, घाबरू नकोस. कागद ठेवून पेन्सिल घासली आणि दोन्हींचे छाप घेतले आहेत, तेच वहीत घालून आणेन. चौकातल्या कोर्रेर संग्रहालयात जुनी नाणी आहेत, तिथे जुळवून बघायचे.

मेस्त्रेचं बुकिंग शुक्रवारपर्यंत फुकट रद्द होतंय असं त्या लिंकवर खाली बारीक अक्षरांत लिहिलंय. गुरुवारी रात्री फोन करते.

तुझी,
आई

ता. क. बाबा म्हणतात, पायऱ्या पंधरापर्यंत असल्या तर चढतील. तू त्यांना बाराच सांग.