रागासकट देवासमोर ये

अहिल्यानगर
19 जानेवारी

प्रिय सुधीर,

सप्रेम सलाम.

परवा तू फोन ठेवलास आणि रात्रभर माझा डोळा लागला नाही. "उद्या त्या ट्रॅक्टरवाल्याच्या दारात जातो, मग होईल ते होईल," असं तू म्हणालास. आणि पाठोपाठ, "माझी प्रार्थनाच होत नाही रे. डोळे मिटले की तोंडात शिव्या येतात." पहिलं ऐकून मी घाबरलो. दुसरं ऐकून नाही. पण तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

तुझा भाऊ नितीन त्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला धडकून गेला, त्याला वीस दिवस झाले. भेटायला येणारा जो तो "देवाची इच्छा" म्हणतो आणि चहा पिऊन जातो. मला ते पटत नाही. मागे रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली अंधारात रस्त्यावर उभी करणं ही माणसाची बेपर्वाई आहे. तिचं ओझं देवाच्या नावावर कशाला टाकायचं? तुला राग आला तो बरोबरच आहे.

आपल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेपाशी येशू रडला, हे आपण लहानपणापासून पाठ म्हणतो. पण योहानाच्या शुभवर्तमानाच्या 11 व्या अध्यायात त्याच्या दोनच ओळी आधी तो आत्म्यात खवळला असंही आहे. खवळला! लाजराला आपण मेलेल्यांतून उठवणार हे त्याला ठाऊक होतं, तरी मरणापुढे तो शांत उभा राहिला नाही. मग तू का राहावंस?

माझं सांगतो. 2021 च्या एप्रिलमध्ये पप्पा गेले, तेव्हा किट घातलेल्या माणसांनी त्यांना खाली उतरवलं आणि आम्हाला लांब उभं केलं. मी मूठभर माती हातात घेऊन थांबलो होतो. ती टाकायला कुणी बोलावलंच नाही. दादाच्या गाडीवर मागे बसून घरी आलो, आईने पाण्याचा तांब्या पुढे केला, तेव्हा कळलं की मूठ अजून मिटलेलीच आहे. घामाने मातीचा गोळा झाला होता.

त्यानंतर आठ महिने मी दादाशी बोललो नाही. बेड शोधायला त्याने उशीर केला, असं माझ्या डोक्यानं घेतलं होतं. तो बिचारा तीन दवाखान्यांच्या दारांतून हात हलवत परत आला होता. चर्चच्या मंडळीत मात्र मी सगळ्यांना "प्रभू चांगला आहे" म्हणत फिरायचो. जे देवाला बोलायचं होतं ते मी गिळलं, आणि ते दादावर निघालं. तुझ्याबाबतीत मला हीच भीती आहे.

मग एका रात्री 88 वं स्तोत्र वाचलं. ते अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. दीडशे स्तोत्रांतला जवळजवळ तिसरा हिस्सा असा विलापाचाच आहे. 109 व्या स्तोत्रात तर सरळ शापच आहेत. ते सगळं माणसानं देवाच्या तोंडावर म्हटलं आणि देवानं ते ऐकून घेतलं. तुला त्या ट्रॅक्टरवाल्याला जे बोलायचंय ते देवापुढे मोठ्यानं बोल, शब्द निवडू नकोस. शेतात जा, ओरड. पण त्याच्या दारात जाऊ नकोस. पोलीस ठाण्यात जा, केसचा पाठपुरावा कर, वकील गाठ. न्याय मागणं म्हणजे सूड नव्हे. तुझ्या हातून काही झालं तर मावशीचा दुसरा मुलगाही जाईल.

पंडिता रमाबाई आठवतात. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये नवरा, आणि 1921 मध्ये मनोरमा, एकुलती एक लेक. आपण त्यांना दगडी संत करून टाकलंय. त्यांना काय वाटलं असेल, याचा विचारसुद्धा आपण करत नाही. लेकीच्या जाण्यानंतरही केडगावला त्यांचं पवित्र शास्त्राच्या भाषांतराचं काम चालूच होतं. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. दुःख आवरून मग कामाला लागू, असं म्हणत त्या थांबल्या नाहीत. दुःख सोबत घेऊनच त्या बसल्या असतील, असं मला वाटतं.

तू जेवतोस का? एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून "मला मरण दे" म्हणाला, तेव्हा देवानं त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला उठवलं. वहिनी म्हणाल्या, तू चार दिवसांत नीट झोपला नाहीस. अशीच गत राहिली तर डॉक्टरांना दाखव. गोळी घेतली म्हणून विश्वास कमी होत नाही.

शनिवारी दुपारच्या एसटीने राहुरीला येतोय. आल्यावर आपण दोघंच कबरस्तानात जाऊ. प्रार्थना तुला करायची नसेल तर मी करीन, तीही नको असेल तर नुसते बसू. वहिनींना सांग, रात्री भाकरी आणि पिठलं कर, आणि तू माझ्यासमोर जेवायचंस. तोवर त्या गावाकडे जाऊ नकोस. एवढं माझ्यासाठी कर.

मावशीला माझा सलाम सांग.

तुझा,
विजय