वू जिंगचा उल्लेख हवा होता

महोदय,

चीनच्या तांग घराण्यातील सम्राट ताइझोंगवरील (कारकीर्द ६२६–६४९) लेखात त्याला तोंडावर सुनावणाऱ्या मंत्री वेई झेंगचं कौतुक वाचलं. पण ते संवाद टिकले कसे? दरबारी इतिहासकार वू जिंगने पुढे ते चाळीस प्रकरणांत संकलित केले, म्हणून! माणूस खमका. सम्राज्ञी वू झेतियानच्या काळच्या नोंदींत आपलं वागणं जसंच्या तसं आलेलं पाहून प्रधान झांग युए बिथरला. दोष दिवंगत सहकारी लिऊ झिजीवर ढकलायची आयती संधी होती. पण वू जिंग उठून म्हणाला, ते मी लिहिलंय, मसुदाही आहे. नंतर झांगने मोजकेच शब्द बदलण्यासाठी गळ घातली, तरी बधला नाही. सम्राटाच्या शेजारी त्यालाही चार ओळी द्यायच्या होत्या.

– एक निवृत्त इतिहास शिक्षक