राखीव गड्यांचीही नावे छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फेब्रुवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फियाने कॅन्सस सिटीला ४०-२२ असं हरवून सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकला आणि जेलन हर्ट्स सामन्याचा मानकरी ठरला. करंडक हातात घेतलेला हर्ट्स साऱ्यांनी पाहिला. मला मात्र त्याचं कॉलेजातलं एक वर्ष सांगायचं आहे, कारण एकतीस वर्षं मी शाळेत खेळ शिकवला.

माझा मुलगा ह्यूस्टनच्या पूर्वेला, जहाजांच्या कालव्याकाठी एका कारखान्यात नोकरीला आहे. त्याच पट्ट्यात चॅनलव्ह्यू हे हर्ट्सचं गाव. तिथल्या हायस्कुलात त्याचे वडीलच फुटबॉलचे प्रशिक्षक होते. पोरगा त्यांच्याच हाताखाली तयार झाला, जोडीला वजनंही उचलायचा. २०१६ मध्ये तो अलाबामा विद्यापीठात गेला. पहिल्याच सामन्यात राखीव म्हणून उतरला आणि पहिल्याच खेळीत चेंडू हातातून निसटला! पण त्याच सामन्यात त्याने दोन टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) फेकून केले, दोन स्वतः पळून. विशीही न गाठलेला मुलगा त्या मोठ्या संघाचा क्वार्टरबॅक झाला.

या जागेला आपल्याकडे शब्द नाही. मधला गडी पायांमधून चेंडू मागे देतो, तो याच्या हाती येतो. फेकायचा, दुसऱ्याला द्यायचा की घेऊन पळायचं, हे दोन-तीन सेकंदांत यानेच ठरवायचं. कबड्डीत दोन-तीन चढाईपटू एकदम खेळवता येतात. इथे मैदानावर एक उभा राहिला की बाकीच्यांना बाकावर बसावं लागतं.

८ जानेवारी २०१८ ला अटलांटात जॉर्जिया विद्यापीठाविरुद्ध कॉलेजांच्या राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना होता. मी तेव्हा मुलाकडे होतो. मध्यंतराला अलाबामा ०-१३ असं मागे. हर्ट्सच्या आठ फेकींपैकी तीनच झेलल्या गेल्या होत्या. प्रशिक्षक निक सेबन यांनी त्याला बसवलं आणि हवाईहून आलेल्या तुआ टागोवाइलोआला उतरवलं. दोघेही १९ वर्षांचे. तुआच्या शेवटच्या ४१ यार्डांच्या फेकीवर अलाबामा जादा वेळेत २६-२३ असं जिंकलं. सगळे चेंडूकडे बघत होते, मी कॅमेऱ्यात हर्ट्स कधी दिसतो ते बघत होतो. तो तुआच्या आनंदात सामील होता. सुरुवातीपासून उतरलेल्या २८ सामन्यांपैकी २६ जिंकून दिलेल्या मुलाची जागा त्या रात्री गेली होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. फार वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात माझा दहावीतला भरवशाचा चढाईपटू पहिल्या डावात तीनदा पकडला गेला. मध्यंतरानंतर मी राखीव मुलाला पाठवलं. आम्ही जिंकलो. पण गुलाल उधळताना बघतो तर हा पोरगा नाही. बनियन घडी करून बाकावर ठेवलेला, सायकल घेऊन तो केव्हाच गेला होता. पुन्हा तो मैदानावर आला नाही. गडी बदलण्याचा माझा निर्णय बरोबर होता, असं आजही वाटतं. पण त्या संध्याकाळी त्याच्या घरी जायला हवं होतं. मी मिरवणुकीत राहिलो.

२०१८ च्या हंगामात नवा नियम आला होता. चारपर्यंत सामने खेळून थांबलं, तर कॉलेजात खेळायच्या ठरावीक वर्षांतलं ते वर्ष वाया जात नसे. क्लेमसन विद्यापीठाचा क्वार्टरबॅक केली ब्रायंट याने जागा गेल्यावर चार सामन्यांनंतर संघ सोडला. त्यात गैर काही नाही, उमेदीची वर्षं मोजकीच असतात. हर्ट्स मात्र संघातच राहिला. १ डिसेंबरला त्याच अटलांटात, त्याच जॉर्जियाविरुद्ध, चौथ्या सत्रात तुआचा घोटा दुखावला. अलाबामा २१-२८ असं मागे होतं. हर्ट्सने फेकीवर बरोबरी साधली, मग १५ यार्ड स्वतः पळत जाऊन सामना ३५-२८ असा जिंकून दिला. साताऱ्यात तेव्हा रविवारची पहाट होती. मुलाचा फोन आला, "बाबा, तुमचा पोरगा जिंकला."

पदवी घेऊन पुढच्या वर्षी तो ओक्लाहोमा विद्यापीठाकडून खेळायला गेला. पण सुपर बोलच्या रात्री मला आठवलं ते त्याचं ते बाकावरचं वर्षच.

संपादक महोदय, शालेय स्पर्धांच्या बातम्यांत आपण चमकलेल्या दोघा-तिघांची नावं देता. कबड्डीचा संघ बारा जणांचा असतो. मैदानात सात उतरतात, पाच जण बाहेर बसून असतात आणि तेही पहाटे पाचला सरावाला आलेले असतात. या वर्षीपासून बाराही नावं छापा. चार ओळी जास्त लागतील. ते कात्रण कुठल्या कुठल्या घरात जपून ठेवलं जातं, ते मी पाहिलं आहे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सातारा