रातपाळीचा डबा

मद्यविक्री वगळता दुकाने व उपाहारगृहे चोवीस तास खुली ठेवण्यास राज्य सरकारने दिलेल्या मुभेवरील पत्रे वाचली. गोंगाट आणि सुरक्षेबाबतचे आक्षेप रास्तच आहेत. पण रात्री दीडला लख्ख पांढऱ्या दिव्याखाली वडापाव खाणाऱ्याच्या शरीराचे काय होते, हे कोणीच विचारलेले दिसले नाही.

अंधार पडला की शरीरात मेलाटोनिन हे झोपेचे संप्रेरक वाढू लागते आणि झोपेची तयारी सुरू होते. प्रखर उजेड ही वाढ रोखतो. शिवाय रात्री इन्सुलिनचे काम मंदावते, त्यामुळे दुपारी पचणारा तोच वडापाव मध्यरात्री रक्तातील साखर जास्त चढवतो. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या २०२२ मधील प्रयोगात तर एकच रात्र उजेडात झोपलेल्या निरोगी तरुणांमध्येही सकाळी इन्सुलिनरोध, म्हणजे इन्सुलिनला शरीराने कमी दाद देणे, वाढलेला आढळला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मधील अहवालानुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत, हेही लक्षात घ्यावे.

ग्राहक हौसेने जागतो, गल्ल्यावरचा पोरगा नाइलाजाने. आमच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातला मुलगा घरून आणलेला डबा साडेबाराला उघडतो, तोही गिऱ्हाईक नसेल तर!

निर्णय मागे घ्यावा असे माझे म्हणणे नाही. मात्र रातपाळीच्या कामगारांना जेवणाची सुट्टी संध्याकाळी लवकर मिळावी आणि वर्षातून एकदा त्यांची साखर व रक्तदाब मालकाच्या खर्चाने तपासला जावा, एवढी अट सरकारने घालावी.

– एक वाचक, डोंबिवली