कोड शिकवता, तर तो सर्व्हरवर चढवायलाही शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्रोग्रॅमिंग शिकू पाहणाऱ्यांसाठी आपल्या पुरवणीत येणारे लेख मी आवर्जून वाचते. व्हेरिएबल, लूप, फंक्शन हे सगळे त्यांत नीट उलगडून सांगितलेले असते. पण बहुतेक लेख एकाच जागी थांबतात. प्रोग्रॅम स्वतःच्या संगणकावर चालला, उत्तर पडद्यावर दिसले, की संपले. तोच प्रोग्रॅम दुसऱ्या कुणाला उघडून बघता यावा म्हणून पुढे काय करायचे, याबद्दल अवाक्षर नसते, आणि नवा माणूस नेमका तिथेच अडतो. आमच्या टीममध्ये रुजू होणाऱ्या मुलामुलींना कामाला लावून देण्याची जबाबदारी बरीच वर्षे माझ्याकडे आहे, म्हणून हे पत्र.

माझे म्हणणे असे की शिकवण्याचा क्रमच बदलायला हवा. क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या संगणकांवर (सर्व्हरवर), अ‍ॅप चढवणे हा शेवटचा धडा मानला जातो. तो पहिल्याच दिवशी घ्यावा. नवा एडिटर उघडावा, ‘नमस्कार’ एवढाच मजकूर दाखवणारे इवलेसे वेब अ‍ॅप लिहावे, ते गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) कमिट करावे, म्हणजे नोंदवावे, आणि लगेच सर्व्हरवर चढवावे. मग मोबाइलचे वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर तो पत्ता उघडून बघावा. तो उघडला, की मनातले अ‍ॅप लिहायला घ्यावे. एवढ्याशा कोडमध्ये चूक लपायला जागाच नसते. त्यामुळे काही बिघडले तर ते सर्व्हरवरच्या मांडणीत बिघडले आहे, हे लगेच कळते. याउलट महिनाभर खपून लिहिलेले अ‍ॅप एकदम चढवले, की पाच-सहा कारणे एकमेकांत गुंतून समोर येतात आणि शिकणारा बिचारा आपल्या चांगल्या कोडमध्येच खोट शोधत बसतो. यात कित्येकांचा धीर सुटताना मी पाहिला आहे. हुशारी कमी पडली म्हणून नाही, तर घरचा संगणक आणि सर्व्हर यांतल्या फरकांबद्दल त्यांना आधी कुणी सांगितलेच नव्हते म्हणून.

हे फरक तसे साधे असतात. विंडोज आणि मॅकवर फाइलच्या इंग्रजी नावातले कॅपिटल आणि स्मॉल अक्षर सहसा एकच धरले जाते. सर्व्हरवर बहुधा लिनक्स असते आणि ते हा फरक काटेकोरपणे पाळते. फाइलचे नाव कॅपिटल अक्षराने सुरू होत असेल आणि कोडमध्ये ते स्मॉल लिहिले असेल, तर घरी सुरळीत चालणारे अ‍ॅप सर्व्हरवर ‘फाइल सापडत नाही’ म्हणते. दुसरा फरक पत्त्याचा. शिकताना अ‍ॅप सहसा १२७.०.०.१ या पत्त्यावर चालते, म्हणजे ते फक्त त्याच संगणकाचे ऐकते. कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरवर अ‍ॅप ज्या बंदिस्त कप्प्यात चालते त्यात, गेल्यावर बाहेरून येणारी विनंती त्याच्यापर्यंत पोचायची असेल, तर ०.०.०.० वर ऐकायला सांगावे लागते. पोर्टचा, म्हणजे अ‍ॅप ज्या क्रमांकाच्या दारावर विनंतीची वाट बघते त्याचा, आकडाही कोडमध्ये ठोकून चालत नाही. अनेक सेवा तो एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (कोडबाहेर ठेवलेल्या सेटिंगमधून) देतात आणि अ‍ॅपने तो तिथून वाचावा अशी त्यांची अपेक्षा असते.

लायब्ररींचेही (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडचेही) तसेच. आपल्या संगणकावर वेळोवेळी टाकलेली पॅकेजेस सर्व्हरला कशी ठाऊक असणार? पायथनमध्ये प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रकल्पाच्या पॅकेजेसचा स्वतंत्र कप्पा) करावे आणि लागणाऱ्या पॅकेजेसची यादी आवृत्त्यांसकट रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये ठेवावी. नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनात) पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्या नोंदणारी लॉक फाइल आपोआप तयार होते, ती गिटमध्ये जायलाच हवी. हे दुसऱ्या दिवशी शिकवले तरी चालेल, पण दुसऱ्या महिन्यात नको.

सर्वांत जिव्हारी लागतो तो डिस्कचा फरक. अनेक क्लाउड सेवांवर अ‍ॅपला मिळणारी डिस्क तात्पुरती असते. अ‍ॅप पुन्हा सुरू झाले किंवा नवी आवृत्ती चढवली, की तिथे लिहिलेल्या फाइली जातात. नवशिका माणूस एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या फाइलमध्ये नोंदी ठेवतो, मित्रांना पत्ता देतो, ते उत्साहाने माहिती भरतात आणि दुसऱ्या दिवशी सगळे कोरे. टिकवायची माहिती वेगळ्या डेटाबेसमध्ये किंवा स्टोरेज सेवेत ठेवावी, हे त्याला त्या आधी कळायला नको का?

अडल्यावर पहिल्यांदा कुठे बघायचे, हेसुद्धा शिकवावे लागते. ब्राउझरमध्ये नुसता ‘५०२’ किंवा ‘५०३’ हा सर्व्हरकडच्या बिघाडाचा आकडा दिसतो आणि त्यावरून मुले अंदाज बांधत राहतात. खरे कारण बहुतेक वेळा लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या नोंदवहीत, स्पष्ट लिहिलेले असते. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी लॉगचे पान उघडून दाखवते, आणि प्रश्न विचारताना त्यातल्या ओळी जशाच्या तशा पाठवायला सांगते. हल्ली कोड लिहून देणारे एआय मदतनीस हाताशी आहेत. त्यांचा उपयोग जरूर करावा, पण त्यांनाही त्या ओळी द्याव्या लागतातच.

आता सुरक्षेबद्दल. इथे मला मुलांची खरोखर काळजी वाटते. पासवर्ड आणि एपीआय की (दुसऱ्या सेवा वापरण्याच्या गुप्त किल्ल्या) कोडमध्ये लिहू नयेत. त्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवाव्यात आणि त्या फाइलचे नाव पहिल्या कमिटच्या आधी गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) घालावे. एपीआय की एकदा सार्वजनिक रेपोमध्ये (सर्वांना दिसणाऱ्या गिटच्या साठ्यात) गेली, तर पुढच्या कमिटमध्ये ती ओळ पुसून भागत नाही, कारण गिटच्या इतिहासात ती तशीच राहते. अशा की हुडकणारे प्रोग्रॅम सतत फिरत असतात. उपाय एकच, ती की ताबडतोब रद्द करून नवी घेणे. क्लाउड खात्याला पहिल्याच दिवशी दुहेरी पडताळणी लावावी आणि रोजच्या कामासाठी मुख्य खात्याऐवजी मर्यादित अधिकारांचे दुसरे खाते वापरावे.

बिलाचेही आधीच सांगितले पाहिजे. मोठ्या क्लाउड कंपन्यांकडे बजेटचा इशारा लावता येतो, पण तो ईमेल पाठवतो, खर्च आपोआप थांबवत नाही. इशारा लावला म्हणजे मर्यादा घातली, असा समज अनेकांचा असतो. अ‍ॅमेझॉनचा ईसी२ सर्व्हर नुसता ‘स्टॉप’ केला, तरी त्याला जोडलेल्या ईबीएस डिस्कचे भाडे चालूच राहते. सराव झाला की काय काय सुरू केले होते ते एकेक करून डिलीट करणे हाही धड्याचाच भाग असावा. विद्यार्थ्याच्या खिशाला हा खर्च परवडणारा नसतो आणि भीती एकदा बसली, की तो क्लाउडच्या वाटेला पुन्हा जात नाही.

आपल्याला विनंती आहे, की या विषयावर लेखमाला काढताना एक पथ्य पाळावे. ही साधने भराभर बदलतात. गिटचे रेपो इंटरनेटवर ठेवणाऱ्या गिटहबने १ ऑक्टोबर २०२० पासून नव्या रेपोच्या मुख्य ब्रांचचे नाव ‘मास्टर’ऐवजी ‘मेन’ केले. १३ ऑगस्ट २०२१ पासून कमांड लाइनवरून पुश करताना (कोड गिटहबवर पाठवताना) खात्याचा पासवर्ड चालेनासा झाला, टोकन किंवा एसएसएच की लागू लागली. हेरोकू या क्लाउड सेवेची मोफत योजना, जिच्यावर असंख्य धडे बेतलेले होते, नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाली. त्याआधीचा धडा समोर ठेवून आज बसलेला मुलगा प्रत्येक कमांड बिनचूक टाइप करूनही अडतो आणि दोष स्वतःला देतो. म्हणून प्रत्येक लेखाखाली लेखकाने त्यातल्या पायऱ्या कोणत्या तारखेला, कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर आणि कोणत्या आवृत्तीवर स्वतः करून पाहिल्या, ते छापावे. आपल्या संकेतस्थळावर राहणाऱ्या जुन्या लेखांतली एखादी पायरी चालेनाशी झाल्याचे वाचकांनी कळवले, तर तिथेच वर ठळक टीप जोडावी. अशी पडताळणी करून द्यायला माझ्यासारखे या कामातले वाचक आनंदाने वेळ देतील. मी तर नक्कीच देईन.

आपली,
एक नियमित वाचक