पुढे बघून वल्हवायचे यंत्र आणि उलटे बसायचा सल्ला

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,
आणि हे पत्र शेवटी ज्यांच्या टेबलावर पडेल ते

विषय: आपल्या पुढे-तोंडी वल्हे-यंत्राच्या दोन्ही सांध्यांतली ढिलाई, वॉरंटी नाकारणे, आणि आज फोनवर मिळालेला सल्ला

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी बोलून आत्ताच फोन ठेवला. पत्राच्या सुरुवातीला सप्रेम नमस्कार लिहायची पद्धत मला माहीत आहे. आज जमणार नाही.

यंत्राची ओळख करून देत नाही, ते आपणच बनवता. एका वल्ह्याचे दोन तुकडे, प्रत्येकाला आपापला खुंट, मधल्या सांध्यात एकमेकांत अडकलेले दोन सेक्टर गिअर, म्हणजे दातेरी चाकांचे तुकडे. मूठ मागे ओढली की पातेही मागेच जाते, होडी नाकासमोर चालते आणि वल्हवणाऱ्याला पुढचे दिसते. कल्पना उत्तम आहे. फक्त ती आपली नाही. आपल्या माहितीपत्रकावर ‘जगातील पहिले क्रांतिकारी तंत्र’ असे ठळक छापले आहे. अमेरिकेत कनेटिकटच्या विल्यम लायमन यांनी असल्या वल्ह्यांचे पेटंट १८७० च्या दशकात घेतले होते. तेव्हा आमचे टिळक डेक्कन कॉलेजात शिकत होते. क्रांती दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेली आहे. आपल्याला फक्त नीट दाते पाडायचे होते.

मी हे यंत्र हौस म्हणून घेतलेले नाही. मला मानेच्या मणक्यांचा त्रास आहे आणि डॉक्टरांनी मान मुरगाळून मागे बघायला मनाई केली आहे. साध्या वल्ह्याने जायचे म्हणजे जिकडे जायचे तिकडे पाठ करून बसायचे आणि थोड्या थोड्या वेळाने खांद्यावरून मागे बघायचे. पानशेतच्या बॅकवॉटरला उन्हाळ्यात पाणी उतरले की काठचे खडक उघडे पडतात, शिवाय मासेमारांची जाळी असतात. तिथे न बघता जाता येत नाही. (शहरातल्या मुळा-मुठेत तो प्रश्न येत नाही. तिथे जलपर्णीत होडी घालायचीच कोणी?) पुढे तोंड करून साधे वल्हे ढकलत नेता येते, व्हेनिसचे नावाडी उभे राहून तसेच करतात. पण बसून ढकलायचे तर पाय आणि पाठ बसून राहतात आणि सगळा भार खांद्यांवर येतो. माझ्या वयाला ते झेपत नाही. म्हणून आपल्याला ४८,००० रुपये दिले.

आता बिघाड. डाव्या सांध्यात पाच अंश ढिलाई आहे, उजव्यात दोन. ही माझी समजूत नाही. भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये यंत्र व्हाइसमध्ये आवळून, डायल गेज (बारीक हालचाल मोजायचे घड्याळ) लावून मोजलेली आहे. माझी सगळी नोकरी गिअर बनवण्यात गेली, त्यामुळे ‘थोडा प्ले असतोच सर’ हे वाक्य कृपा करून मला ऐकवू नये. किती असतो ते मला ठाऊक आहे. इतका नसतो.

पाच अंश ऐकायला किरकोळ वाटतात. सांध्यापासून पात्याचे टोक १.८ मीटरवर आहे. तिथे त्या पाच अंशांचे पंधरा सेंटिमीटरहून जास्त होतात. मुठीच्या बाजूला भुजा ८० सेंटिमीटर. म्हणजे हात सात सेंटिमीटर मागे येतो तोवर पाते पाण्यात ढिम्म उभे असते. मग एकदम ‘खट्ट’ असा आवाज होतो, दात दातावर आपटतो आणि धक्का थेट खांद्यात येतो. वल्ह्याचा सगळा जोर पाते पाण्यात शिरल्या-शिरल्या धरायचा असतो, आणि नेमका तेवढाच भाग आपले यंत्र खाऊन टाकते. शिवाय डावी बाजू उजवीपेक्षा जास्त खाते. म्हणून होडी डावीकडे वळते. मी सरळ वल्हवतो, होडी डावीकडे जाते. आपल्या यंत्राचा एक फायदा मात्र मान्य करतो: आपण कुठे जात नाही आहोत ते समोर अगदी स्वच्छ दिसते.

कारणही सांगतो, कारण आपल्या लोकांनी ते कधी विचारले नाही. मुठीवर साधी पंधरा किलोची ओढ धरा. ८० सेंटिमीटरची भुजा, आणि दाते केंद्रापासून ६ सेंटिमीटरवर. म्हणजे दातांवर दोनशे किलोचा भार. तोही प्रत्येक वल्ह्याला, वर आपटण्याचा धक्का वेगळा. तिथे आपण नायलॉनचे दाते दिले आहेत. नायलॉनचे! खुंटाला बूश आहे, म्हणजे ज्या कड्यात तो फिरतो ते, तेही प्लॅस्टिकचेच. त्यात पावसाळ्यातला गाळ शिरला की ते कानस लावल्यासारखे झिजते. माहितीपत्रकात ‘मरीन ग्रेड’ लिहिले आहे. ते बहुधा रंगाबद्दल असावे. रंग खरोखर उत्तम आहे, अजून कुठे उडालेला नाही.

हे सगळे मी आपल्याला फोटो आणि मोजमापांसह ईमेलने कळवले. उत्तर आले की ‘पाण्याच्या संपर्कामुळे झालेला बिघाड वॉरंटीत समाविष्ट नाही.’ मी ते वाक्य सौभाग्यवतींना वाचून दाखवले. त्यांना वाटले मी थट्टा करतो आहे. त्यांनी स्वतः चष्मा लावून वाचले आणि म्हणाल्या, ‘मग हे गच्चीवर वापरायचं असतं का?’ हा प्रश्न मी अधिकृतपणे आपल्यापुढे ठेवतो. हे गच्चीवर वापरायचे असते का?

आता आजच्या फोनबद्दल. हा भाग लांबेल, पण पूर्ण वाचावा.

दुपारी एक ते चार आपल्याकडे कोणी फोन उचलत नाही. पुण्यात राहून याबद्दल बोलायचा मला नैतिक अधिकार नाही, म्हणून सोडून देतो. चारनंतर बरेच बटण-दाबणे आणि बासरी ऐकणे झाल्यावर एक तरुण गृहस्थ लाइनवर आले. मराठी बोलणारे होते. बरे वाटले. आवाजही नम्र होता. त्यांचे नाव मी लिहीत नाही, कारण चूक त्यांची नाही, त्यांच्यासमोर जो कागद ठेवला आहे त्याची आहे.

मी पहिल्यापासून सगळे सांगितले. डावा सांधा, उजवा सांधा, अंश, दाते, बूश. ते ‘हो सर, हो सर’ करत होते. मग म्हणाले, ‘समजलं सर. म्हणजे होडी सरळ जात नाही.’ म्हटले, हो, थोडक्यात तेच. तर म्हणाले, ‘मग सर एक करून बघा ना. एकदा नेहमीसारखं बसून बघा.’

मी विचारले, नेहमीसारखे म्हणजे कसे?

‘म्हणजे सर, पाठ करून. जनरली लोक तसंच वल्हवतात.’

महोदय, मी क्षणभर फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितले. मग पुन्हा कानाला लावला आणि शक्य तितक्या शांतपणे विचारले, ‘अहो, तुमची कंपनी काय विकते ते माहीत आहे ना तुम्हाला?’ उत्तर आले, ‘हो सर, रोइंग ॲक्सेसरी.’ मी म्हटले, ‘कशासाठी?’ पलीकडे कळफलक वाजला. ‘पुढे तोंड करून बसण्यासाठी, सर.’ मी म्हटले, ‘आणि तुम्ही मला काय सांगताय?’ तर ते गृहस्थ म्हणाले, ‘तात्पुरता उपाय सांगतोय सर.’

यात अपमान किती आणि अज्ञान किती, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. पण हा उपाय तात्पुरतासुद्धा चालत नाही, हे आपल्या कंपनीत निदान एकाला तरी कळायला हवे. आपल्या यंत्रात मूठ आणि पाते एकाच दिशेने जातात, तेवढ्यासाठीच ते विकत घेतात. मी उलटा बसून मूठ छातीकडे ओढली तर पातेही छातीच्याच बाजूला येणार, आणि मी जिकडे तोंड करून बसलो आहे तिकडेच होडी जाणार. म्हणजे मागचे टोक पुढे करून! या यंत्रावर माणूस कसाही बसला तरी जिकडे बघतो तिकडेच जातो. पाठ करून बसायची सोय त्यात नाहीच. आपल्या ग्राहक सेवेने आपल्याच यंत्राला न येणारी एकमेव गोष्ट शोधून काढली आणि ती मला उपाय म्हणून दिली.

हे मी त्यांना समजावून सांगितले. ते म्हणाले, ‘एक मिनिट होल्ड करा सर, सिनियरना विचारतो.’ पुन्हा बासरी. परत आले ते आनंदात. ‘सर, सिनियर म्हणाले की ज्यांना पुढचं बघायचं असतं ते कस्टमर आरसा लावतात. टोपीला क्लिपने लागतो. आमच्याकडे आहे, ८५० रुपये. लिंक पाठवू का?’

४८,००० रुपयांचे पुढे बघायचे यंत्र बनवणारी कंपनी मला ८५० रुपयांचा मागे बघायचा आरसा विकत होती. आणि फोन ठेवण्याआधी मला सेवेबद्दल एक ते पाच तारे द्यायला सांगण्यात आले. शून्याची सोय नव्हती. मी विचारले.

ते तरुण गृहस्थ पगारावर आहेत, पण ते सिनियर कोण आहेत ते मला लेखी कळवावे.

आणखी एक. आपल्या माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर ‘राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी आदर्श’ असे छापले आहे. मला स्पर्धेत उतरायचे नाही, माझे वय त्याच्या आड येते. पण ज्या कोणा मुलाच्या आईबापांनी हे वाचून पैसे भरले असतील त्यांच्यासाठी लिहितो. आंतरराष्ट्रीय रोइंग महासंघाच्या नियमावलीत रोइंगची व्याख्याच अशी आहे की वल्हे ही साधी तरफ असावी आणि वल्हवणाऱ्याची पाठ होडी जाते त्या दिशेला असावी. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला एकेरीत तेरावे आले, ते पाठमोरेच. दोन हजार मीटरची शर्यत आणि अंतिम रेषेकडे पाठ. याच पुण्यात लष्कराचे रोइंग केंद्र आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ पासून आहे. त्यांतल्या कोणालाही विचारा, हे यंत्र लावून होडी शर्यतीत उतरवू देतील का. आदर्श कशासाठी, ते तरी खरे छापा. मानेचा त्रास असलेल्या माणसांसाठी, पक्षी बघणाऱ्यांसाठी, नातवंडांना समोर बसवून फिरवणाऱ्यांसाठी ते खरोखर आदर्श ठरले असते. दाते पोलादाचे असते तर.

दातांबद्दल वर लिहिले आहे. तरी पुन्हा लिहितो, कारण आपल्याकडे गोष्ट एकदा सांगून पोहोचत नाही असा अनुभव आहे: डाव्या सांध्यात पाच अंश, उजव्यात दोन, दोन्हीकडे नायलॉनचे दाते, दातांवर दोनशे किलो.

यावर मला काय हवे ते सांगतो. दोन्ही बाजूंचे सेक्टर गिअर पोलादाचे आणि बूश गनमेटलचे, आपल्या खर्चाने, पंधरा दिवसांत. हे आपल्याला परवडत नसेल तर यंत्र घेऊन जा आणि पूर्ण पैसे परत करा. कुरिअरचा खर्च आपला. ‘पाण्याच्या संपर्कामुळे’ हे कलम पुन्हा पुढे करू नये. ते मी आयोगापुढे मोठ्याने वाचून दाखवणार आहे आणि तिथे कोण कोण हसते ते बघणार आहे.

होय, आयोगापुढे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे आपल्याच माणसाला पुण्याला यावे लागेल. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. मी निवृत्त आहे. मला वेळच वेळ आहे आणि फाइल नीट लावायची सवय आहे. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ मध्ये याच शहरात सुरू झाली, तेव्हा सल्ला विचारायला मला लांब जावे लागणार नाही.

खरे सांगायचे तर मला हे काहीच करायचे नव्हते. यंत्र आले तेव्हा पहिले काही दिवस, ढिलाई सुरू व्हायच्या आधी, ते फार चांगले चालत होते. मान सरळ, समोर तोरण्याची रांग, हातात चांगली पकड. मी ओळखीच्या सगळ्यांना आपली शिफारस केली होती. त्यातल्या एकाने पैसेही भरले आहेत. त्यांना आता काय सांगायचे, तेही आपणच कळवावे.

उत्तर लेखी द्यावे. फोन करू नये. आरशाची लिंक आधीच आली आहे, पुन्हा पाठवू नये.

आपला ग्राहक (सध्या तरी),
कोथरूड, पुणे ३८

सोबत: पावतीची प्रत, डायल गेजच्या नोंदी, झिजलेल्या दातांचे फोटो, आणि आपल्या ईमेलची प्रत, ‘पाण्याच्या संपर्कामुळे’ या शब्दांखाली लाल रेघ मारून.